तिसरं बिऱ्हाड

जूनमध्ये पुन्ता आरेनासला दिवस दहाला उगवतो
आणि साडेपाचला चंबूगबाळं आवरून निघतो.
अशा महिन्यात माणूस दारू तरी पितो
नाहीतर लॅपटॉपवर बिऱ्हाड बदलतो.
पहिलं मला डॉक्टरने बंद केलंय.

लॅपटॉप लोकरीच्या गोदामातला.
मालक बुडाला, दोन पगारांच्या जागी हा हातात आला.
झाकणावर अजून चिठ्ठी: गठ्ठे-मोजणी, क्रमांक सतरा.
तापला की बिजागरीतून
ओल्या लोकरीचा वास येतो.

पहिलं बिऱ्हाड उबुंटूचं.
आवाज आला, पडदा उजळला,
पण ‘एन्ये’चं बटण दाबावं तर अर्धविराम उमटे.
आणि त्या अक्षरावाचून आमच्या भाषेत
‘वर्ष’ लिहायला जावं तर भलताच अवयव होतो.
बँकेला तसं पत्र गेलं नाही, हे नशीब.
जाणार कसं?
वाय-फाय नव्हतंच.

मग फेडोरा.
एन्ये सापडला, आवाज हरवला.
माइक मात्र शाबूत:
माझा खोकला त्याला ऐकू जाई,
त्याचं काहीच मला नाही.
लग्नाची शेवटची दोन वर्षं आठवली.
वाय-फाय इथेही नव्हतं.

तिसऱ्यांदा डेबियन.
नेट चालायला फर्मवेअर हवं,
फर्मवेअर उतरवायला नेट.
पेटीची किल्ली पेटीत.
फोनला वायर जोडून, थेंब थेंब,
किल्ली बाहेर काढली एकदाची,
आणि पेटी उघडल्यावर आत काळोख.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सांगत होती
तेच, जे आधीच्या दोन्ही घरांत सांगितलं होतं:
अडवलेलं आहे, हार्ड.
मी म्हटलं, हट्टी आहे मेला.
नाचता मला येत होतं,
अंगणच दर वेळी वाकडं निघत होतं.

तेवढ्यात नेलिदा मान्सिया आली,
रुबार्बच्या मुरंब्याची बरणी पोटाशी धरून,
कारण वाऱ्यात हातात धरलेली वस्तू
आपली राहत नाही.
बंदरात एकतीस वर्षं वायरलेस सांभाळलेली बाई.
तिने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.
यंत्राच्या कडेवरून बोट फिरवलं,
आंधळ्याने नातवाचा चेहरा वाचावा तसं,
आणि पुढच्या ओठाखाली थांबली.
‘येर्को, हे काय?’

नखाएवढी पट्टी.
डावीकडून उजवीकडे.
टक्.

नारिंगी दिवा निळा झाला.
शेजारपाजारची सगळी नेटवर्कं
एकामागून एक उगवली: बेकरी, दातांचा दवाखाना,
वरच्या मजल्यावरचा तो पोरगा, ज्याने आपल्या नेटचं नाव
‘पोलीस’ ठेवलंय.
कळसा काखेत होता
आणि मी तीन गावांना वळसा घालून आलो होतो.

ती हसली नाही. हे जास्त लागलं.
‘यात सामुद्रधुनीचा वारा दिसतो का?’ म्हणाली.
दिसला: ताशी नव्वद, पश्चिमेकडून.
खिडकी गेला तासभर तेच सांगत होती.
तरी आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो,
बाणांची लाल शेपटं बेटांवरून सरकताना बघत,
पावावर आंबट मुरंबा,
आणि तिने एकदा, सवयीने,
कानावर नसलेला हेडफोन सारखा केला.

आता सगळं चालतं.
म्हणजे, एक सोडून.
झाकण लावलं की हा झोपतो तो उठत नाही.
चौथ्या बिऱ्हाडात याचं औषध आहे म्हणतात.
पेनड्राइव्ह तयारच होता, स्वेटरच्या खिशात.

नेलिदाने हात पुढे केला.
मी दिला.
‘बरण्यांमागे ठेवते,’ म्हणाली,
‘सप्टेंबरात माग.
तोवर झाकण उघडंच राहू दे.’