रकाना क्रमांक नऊ

परीक्षा तोंडावर, आणि मला यादी मिळाली वरच्या पाड्याची.
सत्तावन्न घरं. फैजपूरहून एसटी, पुढे मिळेल त्याची मोटरसायकल,
पुढे मोर नदीचं कोरडं पात्र, चप्पल हातात घेऊन.
तहसीलमधले बऱ्हाटे भाऊसाहेब म्हणाले होते,
मॅडम, तिकडे जरा नीट बघा. नावं वाचलीत ना?
वाचली होती.
दलशेर. हुरमत. गंभीर. छबू. नुरखा.
आडनाव सगळ्यांचं एकच, तडवी.

रुबाब नुरखा तडवी ओट्यावर बांबूच्या कामट्या तासत होता.
म्हटलं, बाबा, कागद.
त्याने पत्र्याची पेटी आणली, पेटीतून पिशवी,
पिशवीतून आणखी एक पिशवी.
एका कागदावर तो रुबाब, एकावर रुबाबखा,
रेशनकार्डावर रुबाबसिंग,
आणि वनखात्याच्या जुन्या पावतीवर नुसता
रुबाब्या, लाकूड एक मोळी, दंड रुपये अकरा.
धर्म एकीकडे हा, एकीकडे तो, एकीकडे रेघ.
म्हटलं, यातलं खरं कोणतं?
म्हणाला, पावती खरी. पैसे मीच भरले.

मग रकाना नऊ.
कुटुंब मूळ कुठून आले, आणि केव्हा.
तो माझ्याकडे पाहत राहिला,
अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यावर वर्गातलं पोर पाहतं तसा.
"आलो? कुठून येनार बाई?
आमी तं अठीच व्हतो.
येनारे येत गेले, आमी पाह्यत गेलो."
आत सून हसली, भाकर थापायची थांबून.
त्याने सातपुड्याकडे हात केला. "थो लिव्हा."
मी म्हटलं, डोंगर चालत नाही. जिल्हा लागतो.

खाली बाजारपट्ट्यात भोंगा लागला होता.
भोंगा सांगत होता, ते कसे ओळखायचे.
कपड्यांवरून. दाढीवरून. पोरं मोजून.
मला हुरमत आठवली, गुडघ्यापर्यंत लुगडं,
हनुवटीवर गोंदण, कमरेला विळा.
भोंग्यात ती कुठेच बसत नव्हती.
बसवणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं.

आमच्या घरी एक वही आहे,
दर पिढीला भाट येऊन लिहून गेला ती.
सासरे लाल फडक्यात ठेवायचे.
आम्ही पावागढाकडून आलो, लिहिलंय तिच्यात,
गाडे किती, बैल किती, वाटेत कोण वारलं,
तापी कुठल्या उतारावर ओलांडली.
इथे आल्यावर जमीन कोणाची होती
तिथे मात्र भाट घाईत दिसतो.
पाहुण्यांना वही आम्ही कौतुकाने दाखवतो.
पडताळायला अजून कोणी मागितली नाही.

सासऱ्यांच्या मळ्यात तेव्हा बसराई केळी होती,
बुटकी, गोड. नावातच बसरा.
तिला कोणी काही विचारलं नाही. घड धरला, झालं.

दिराचा केतन ब्रॅम्प्टनला असतो.
परवा पेट्रोल पंपावर त्याला कोणी म्हणालं, परत जा.
जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.
काय चोरून गेलाय का माझा पोरगा?
भोंग्याच्या सभेला चहा यांनीच केला होता,
दोनशे कप, आलं ठेचून.
मी काही बोलले नाही. आलं मीही सोललं होतं.

सत्तावन्न अर्ज दिले.
रुबाबच्या नवव्या रकान्यात लिहिलं, इथलेच.
अर्ज परत आला, लाल शाईने.
'इथलेच' हे ठिकाण नाही. पुन्हा चौकशी करावी.

उद्या वर जायचंय, चप्पल हातात घेऊन.
शिक्षकांचेही अर्ज आलेत. माझा टेबलावर आहे.
रात्री लाल फडकं सोडलं.
राज्य गुजरात. केव्हा, ते नीट लागत नाही,
तीनशे वर्षं, चारशे, वाळवीने आकडा खाल्लाय.
लिहिलं, पण पेन्सिलने.
रुबाबने विचारलंच, तर दाखवीन.