थांबा

बाबा विंगेत उभे राहायचे, परळच्या दामोदरला,
हातात वही, दाढेखाली लवंग,
अडलेल्या नटाला वाक्य द्यायचे
श्वासाएवढ्या आवाजात.
मी तेच करते. काचेवरून.
दोन काचा, एक डावीकडे, एक उजवीकडे,
समोरच्या माणसाला दिसतही नाहीत.
त्याला वाटतं, साहेब माझ्याकडेच बघून बोलताहेत.

अधिवेशन उद्या. आज रात्री वांद्र्याच्या मैदानात
अकरा हजार रिकाम्या खुर्च्या आणि आम्ही.
कैझादच्या तक्त्यात मिनिटं आखलेली:
सात चोवीस, ज्योत.
सात एकतीस, महिला आघाडी, नऊवारीत, उजव्या पायऱ्यांनी.
सात चाळीस, नाशिकचे अण्णा, चार मिनिटं;
पाचव्याला माईक आपोआप बारीक होईल.
रुसलेत म्हणून त्यांना बोलायला दिलंय,
आणि रुसलेत म्हणूनच
चॅनेलवाल्यांच्या जाहिरातींच्या वेळेत दिलंय.

प्रभुदेसाईंनी भाषण सतरा वेळा लिहिलं.
आधी ‘घर’ होतं. मग ‘परवडणारं घर’.
मग ‘गृहनिर्माण धोरण’.
मग परत ‘घर’,
कारण ‘गृहनिर्माण’ला साहेबांची जीभ अडते.
असे ठरतात पक्षाचे निर्णय, मी पाहिलेत.
मधे मधे मी लाल अक्षरांत टाकते:
[पाणी]
[डावीकडे बघा, आई बसल्यात]
[थांबा]
थांबा म्हणजे टाळ्या. सहा सेकंद.
चौथ्या रांगेतल्या वीस पोरांना
ते सहा कुठले, हे पाठ आहे.

दिवे लावायला साहेबांच्या उंचीचं कुणीतरी हवं होतं.
मांडववाल्यांत सापडला
तुळशीराम पाडवी, धडगावचा, पाच फूट चार.
त्याला पोडियममागे उभं केलं,
तोंडावर मधाच्या रंगाचा उजेड सोडला.
“बोल काहीतरी,” ध्वनीवाला ओरडला. “कायपण बोल!”
मी पहिली ओळ हळूच वर सरकवली.
त्यानं काचेकडे पाहिलंच नाही.

बांबू चौदाशे, तो म्हणाला.
सुतळी साठ बंडल.
ताडपत्र्या दोनशे दहा, त्यात दोन फाटक्या.
खिळे मोजले नाहीत.
माणसं बत्तीस.
एक सायनला आहे, पाय मोडून.
मग एकतीस.

लांबच्या भोंग्यांतून ते शब्द
थोडे उशिरा परत आले,
एकतीस, एकतीस,
खुर्च्यांवरून.
“मस्त,” ध्वनीवाला म्हणाला,
“आवाज स्वच्छ आहे. उतर खाली.”

दुसऱ्या दिवशी साहेब आठ दहाला उभे राहिले.
सगळं तक्त्याप्रमाणे.
“या शहरात ज्यानं घाम गाळला,
त्याला इथंच घर —”
आणि दिव्याची तिरीप काचेवर आली,
लाल आणि पांढरं एक झालं,
साहेबांनी वाचलं:
“थांबा.”

माझा हात बटणावर गोठला.
मैदान चिडीचूप. कापडी झालरी तेवढ्या फडफडत होत्या.
चौथ्या रांगेतली पोरं एकमेकांकडे बघू लागली,
हे त्यांच्या पाठांतरात नव्हतं.
मग मागून, पार मागून, टाळी आली.
मग सगळीकडून.
साहेबांना ते आवडलं.
मूठ आवळून त्यांनी पुन्हा म्हटलं, “थांबा!”
माझी पुढची ओळ काचेवर तशीच
चाळीस सेकंद उभी होती, कुणीच न बोलावलेली.

रात्री चार तज्ज्ञ ‘थांबा’चा अर्थ लावत बसले.
प्रभुदेसाईंचा फोन आला: “हे मी लिहिलेलं नाही.”
“टंकलं मी,” मी म्हटलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
बाबा असते तर लवंग गिळून बसले असते.

काचा पुसून पेटीत भरल्या तेव्हा दीड वाजला होता.
मांडव निम्मा उतरला होता.
तुळशीराम ट्रकपाशी बांबू मोजत उभा,
प्रत्येकाला एक थाप.
मी हाक मारली. विचारायचं होतं,
सायनच्या त्या माणसाचं नाव काय.
त्यानं मान न वळवता हात वर केला.
“थांबा ताई,” म्हणाला, “आकडा चुकेल.”

मी थांबले.