उणे एकसष्ट

फायबर आली ती अभ्यासिकेपर्यंतच.
पुढे गल्ली खोदायची नाही, असं महापालिकेचे साहेब म्हणाले:
काँक्रीट आत्ताच झालंय, सिंहस्थ होईपर्यंत
फावडं लावायचं नाही.
चहा संपवला आणि गेले.

मग आम्ही वरून गेलो. मी आणि मुद्दस्सर,
पाठीला चार डबे, कमरेला क्लॅम्प,
या गच्चीवरून त्या गच्चीवर.

पहिला डबा अभ्यासिकेवर. वायर काय ती त्यालाच.
दुसरा तांबट आळीत, दगूनानांच्या गच्चीवर.
तिसरा दूधबाजाराच्या तोंडाशी.
चौथा भद्रकालीच्या मागे, एका टाकीच्या आडोशाला,
जिथून पहिला दिसतच नाही;
तो तिसऱ्याला विचारतो, तिसरा दुसऱ्याला.
सगळ्यांचं चॅनेल एक, पासवर्ड एक,
उरलेलं हवेवर.

मुद्दस्सर खालून ओरडतो, किती?
मी वरून, उणे एकसष्ट!
आमच्या धंद्यात सगळेच उण्यात असतात.
शून्याकडे जेवढं सरकाल तेवढं बरं,
शून्य मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.

नवव्या दिवशी निकहतचा फोन, चौथ्या डब्याखालून:
ताई, सराव परीक्षा अर्ध्यात अडकते. रोज.
नोंदी काढल्या. अकरा दहाला तुटतं,
तीनच्या सुमाराला जुळतं.
रेडिओ शाबूत, सॉफ्टवेअर ताजं,
आभाळ तर कोरडं ठणठणीत.

पावणेअकराला जाऊन नानांच्या गच्चीवर बसले.
अकरा वाजून आठ मिनिटांनी नाना वर आले,
खांद्यावर घंगाळ,
चिंचेने घासलेलं, डोळ्यांत ऊन खुपसणारं.
कठड्यावर पालथं घातलं,
नेमकं डब्याच्या तोंडासमोर.
उणे सत्त्याऐंशी. मग काहीच नाही.

मला हसूच आलं.
बारा वर्षं भिंतींतून, नळ्यांतून
तांब्याच्याच तारा ओढत आले होते मी.

इथून जातंय तरी काय? नानांनी विचारलं.
म्हटलं, एका मुलीचा पेपर.
त्यांनी दूधबाजाराच्या दिशेला डोळे बारीक करून पाहिलं,
भांड्याचा पोचा शोधावा तसं.
मग माझ्या घंगाळाला वळसा घालून जात नाही का?
जातं की, म्हटलं,
बाजूला आणखी कुणी ऐकणारं असेल तर.

बराच वेळ ते गप्प.
मग म्हणाले, चाळीस ऐरणी होत्या आळीत.
ठोके कुणी मोजत नव्हतं,
पण मधलाच एखादा गळला की हात थांबायचे,
कुणीतरी उठून बघून यायचं
एकनाथ आज का नाही.
आता आम्ही तिघं.
उद्या ते दोघे थांबले
तर मला वाटेल, मीच बहिरा झालो.

घंगाळ त्यांनीच सरकवलं, दोन हात, जिन्याकडे.

पाचवा डबा लावायचा तर समोर, वडनेऱ्यांकडे.
वडनेरे आणि नाना, सोळा वर्षं अबोला;
कारण विचारलं तर दोघंही गटाराकडे बोट दाखवतात.
अर्ज घेऊन गेले. वडनेऱ्यांनी डबा उलटापालटा केला.
हा तिकडच्याशी बोलणार?
म्हटलं, गरज पडली तरच.
पेन मागितलं त्यांनी. मग चष्मा सापडेना.
उद्या या, म्हणाले.

उद्या जाते. ड्रिल बरोबर नेते,
आणि माझा चष्मा.