मधली बाई

पुतण्यानं मस्कतहून पाच डबे पाठवले,
सहावा जमिनीवर ठेवायचा, तो नुसताच धडधडतो.
पहिल्या रात्री सिनेमा लावला तर
मागच्या पडवीतून हेलिकॉप्टर गेलं
आणि तांडेलांचा कुत्रा खाडीपर्यंत पळाला.

सिनेमाला ठीक.
पण गाणं लावलं की बाई पाच ठिकाणी गायची,
तबला न्हाणीत,
पेटी माझ्या पाठीमागे, उसनं मागायला आल्यासारखी.
ही काय मैफल झाली?

मालवणहून बस्त्याव आला, खिशात सोल्डरची कांडी.
म्हणाला, काकानू, गाण्याक दोनच लागतत.
बाकीच्यांका निजाक सांगा.
रिमोटमधून 'थिएटर' काढलं, 'हॉल' काढलं,
'स्टेडियम'सुद्धा होतं, देव जाणे कुणासाठी.
मागचे दोघे मुके. मधला फडताळात, पापडांच्या डब्याशेजारी.
जमिनीवरच्याला दम दिला:
खर्जापुरतं बोल, आणि तेही
कुणाला तू बोललास असं वाटता नये.

उरले दोघे.
त्यांना उत्तरेच्या भिंतीपासून दोन हात पुढे ओढलं.
हापूसच्या रिकाम्या पेट्या, आत किनाऱ्यावरची रेती,
त्यावर एकेकाला बसवलं, तोंडं जराशी आत वळवून.
जाळ्याची दोरी घेतली:
या डब्यापासून त्या डब्यापर्यंत जेवढी,
तेवढीच दोघांपासून खुर्चीपर्यंत.
तीन गाठी.
चिऱ्याची भिंत आवाज परत फेकते
म्हणून हेमलतेनं एक वाकळ दिली टांगायला,
धुतल्याशिवाय परत घेणार नाही असं बजावून.

तरी बाई सापडेना.
आवाज होता, पण धुक्यातल्या होडीसारखा,
आहे म्हणावं तर कुठे ते कळत नाही.

बस्त्याव पालथा पडून तारा बघत राहिला.
खाऱ्या हवेनं टोकं हिरवी झालेली,
ती सुरमईच्या सुरीनं खरवडली.
आणि मग हसला.
एका डब्याचं लाल-काळं उलटं.
हा पुढे ढकलायचा तेव्हा तो मागे ओढायचा,
भांडून वल्ही मारणारे दोघे भाऊ जसे.
होडी जागच्या जागी.

सुलट केलं. लावलं.

कोलंबी सोलतासोलता हेमलतेनं मान वर केली.
'इली,' म्हणाली.
कोण?
'ती. थंय उभी आसा.'
ओल्या बोटानं दाखवलं तिथे काहीच नव्हतं,
बंद टीव्ही आणि त्यावरचा क्रोशाचा रुमाल.

मी मान हलवली. छान, म्हटलं.
बस्त्यावला मी सांगितलं नव्हतं:
माझा डावा कान
एकवीस वर्षांच्या ट्रॉलरच्या इंजिनाला वाहिलेला आहे.
तळाशीलच्या या पट्टीवर
उत्तरेला तोंड करून बसलो की
डावीकडचा दर्या बंद,
उजवीकडची खाडी तेवढी चालू.
एका कानाला मधली जागा नसते.
सगळी दुनिया एका भिंतीशी.

पण पोरगा हुशार. बघत होता
मी दर वेळी कुठला गाल पुढे करतो ते.
निघताना हळूच म्हणाला,
बॅलन्स तुमच्या बाजूक फिरवू?
नको, म्हटलं. ती सरकतली.

पैसे घेतले नाहीत. कोलंबी नेली.

आता रात्री तिसऱ्या गाठीवर ही बसते,
मी खाली, काथ्याच्या चटईवर.
तबला खंय?
खिडकीकडे.
पेटी?
तिच्या डाव्या हाताक.
तंबोरा मागे, वायच लांब.
मी नकाशा पाठ करतो, पूर्वी खडक पाठ केले तसा.

काल गाणं थांबलं होतं मधेच,
आणि हिचं बोट किंचित हललं.
काय झालं, विचारलं.
'काय नाय.
श्वास घेतल्यान तिना.'