पाटी रंगवताना

गिट्टीखदानच्या दवाखान्याची पाटी
उन्हानं पुसट झाली, म्हणून धकातेला बोलावलं.
अक्षरामागे सहा रुपये.

शुगर, उपाशीपोटी. थायरॉइड. ईसीजी फक्त मंगळवारी.
"लघवी लिवू का मूत्र?
मूत्रात एक अक्षर वाचते, बाई."
लघवीच लिही म्हटलं, लोक तेच म्हणतात.

मेडिकलचे कागद वाचून देणं पाटीवर नाही,
निम्मी रांग तर त्याचीच.

सिकलसेलपाशी ब्रश थांबला.
ओघळलेला थेंब अंगठ्यानं पुसत म्हणाला,
"हे लग्नाच्या आधी करतेत न?
माह्या पोरीचं जमून राह्यलं."
"दोघांचंही करायचं," मी म्हटलं.
"उपाशी यायची गरज नाही."

संध्याकाळी बिलात पाच अक्षरं कमी निघाली.
मी पाटीखाली उभी राहून
पुन्हा मोजली.