जळलेला दगड

माझा जन्म कबार कालव्याकाठचा.
दगड औषधालाही नव्हता त्या मुलखात.
चिखल, वेत, उन्हात वाळवलेल्या विटा.
आई जवाच्या पिठात बोटानं यरुशलेम काढायची :
हे मेंढ्यांचं दार, ही माशांची वेस,
इथून तिसरं घर आपलं, अंगणात अंजीर.
मग तेच पीठ मळून भाकऱ्या थापायची.
ते शहर खाऊनच आम्ही वाढलो.

चार महिने चाललो.
हमाथच्या अलीकडे आई राहिली, मातीखाली.
तिच्या वाटणीचं पीठ गाढवाच्या पाठीवर
तसंच पुढं आलं.

पोचलो तर वेस नव्हतीच.
काटेरी झुडपं, कोल्ह्यांची बिळं, आणि ढिगारे.
थकून म्हणाले, "चला आता घरी,"
आणि डोळ्यांपुढं आला तो कालवा.
कुणाला सांगितलं नाही हे.

बाप एल्यादा, डोळे गेलेले.
पण दगड निवडायला त्यालाच बसवलं.
बोटाच्या पेरानं टकटक करायचा :
"खणखणला तर ठेवा, भद्द वाजला तर फेका.
आगीतून गेलेला दगड वरून शहाणा दिसतो,
आतून त्याचा चुना झालेला असतो."
गवंडी थोडेच. अत्तरवाला हट्टूश माती कालवायचा,
सोनार एक डोळा मिटून
चिरा असा बसवायचा, जणू नथीतला मोती.

तिसऱ्या घराच्या जागी कांद्याचे वाफे होते.
खुरपं हातात घेऊन म्हातारी होग्ला :
"तुम्हाला नेलं. आम्ही न्यायच्याही लायकीचे नव्हतो,
म्हणून राहिलो.
पन्नास वर्षं ही राख आम्हीच झाडतोय.
परत आले म्हणतेस पोरी,
तू गेली होतीस कधी?"

मला उत्तर आलं नाही.
बाप वाकून तिच्या वाफ्याच्या कडेचे दगड वाजवू लागला.
एक खणखणला.
सगळेच थांबलो. ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.
"पीठ आहे का?" एवढंच.

आईचं पीठ मी तिच्या परातीत ओतलं.
पाणी घालण्याआधी बोट आपसूक फिरलं :
मेंढ्यांचं दार, माशांची वेस,
एक घर, दुसरं घर…

होग्ला वाकून बघत होती.
"इथं," ती म्हणाली, "कांदे काढ."