नावातली तफावत

कुपवाडच्या एमआयडीसीत, हळदीच्या युनिटमध्ये,
रजिस्टरावर मी महानदा कोरे.
आधार कार्डावर महानंदा.
मधला ठिपका सहा वर्षांपूर्वी
कुणीतरी जेवायच्या सुट्टीआधी घाईत विसरला
आणि माझं काही अडलं नाही.
पगार होत होता. सुपरवायझर तसाही
‘ए महा’ म्हणूनच हाक मारायचा.

फेब्रुवारीत मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
पहाटे सव्वाचारला लेक झाली.
सव्वीस आठवडे पगारी रजा, कायद्यानं,
कोळेकर अण्णांनी युनियनच्या बाकड्यावर बसून
बोटं मोजून सांगितलं. बोटं संपली,
तेव्हा माझा हात धरून पुढं मोजलं.

पहिल्या खेपेला साहेब कोल्हापूरला होते.
दुसऱ्या खेपेचं फारसं आठवत नाही.
रात्रभर जागरण, रिक्षात डोळा लागला,
विश्रामबागला उतरायचं होतं
ते वानलेसवाडी आल्यावर जाग आली.
ऑफिस दीड वाजता जेवायला उठलेलं.

मग बिरनाळे मॅडमनी चष्मा कपाळावर सारून
दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.
‘नावात तफावत आहे वो तुमच्या.’
तफावत. केवढा भारदस्त शब्द,
तिळाएवढ्या गोष्टीला.

मागं रांगेत कुणाचं तरी बाळ रडलं
आणि माझी लेक घरी वाटी-चमच्यावर असताना
मला इथं पान्हा फुटला.
छातीशी फॉर्म धरला होता, तोच आडोसा.
शाई पसरली. सही वाहून गेली.
मॅडमनी काही न बोलता नवा फॉर्म दिला,
स्वतःची ओढणीही दिली, आणि हळूच म्हणाल्या,
‘माझीच बालसंगोपन रजा
मे महिन्यात पुण्याला गेलीय मंजुरीला.
पोरगं आता सातवीत आहे.’

अंगठा मशीनला पटेना.
हळदीनं रेषा झिजवल्यात.
पुसा, फुंकर मारा, पुन्हा ठेवा.
पिवळ्या बोटाकडं मशीन लाल डोळ्यानं बघत राहिलं.

प्रतिज्ञापत्र करा म्हणाले.
विजयनगरला, कोर्टाबाहेर, छत्रीखाली
एक टायपिस्ट वाचून दाखवत टाईप करत होता:
‘महानदा व महानंदा
या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.’
थांबला. ‘बरोबर का ताई?’

मला चटकन हो म्हणता येईना.
एक जण पन्नास किलोचं पोतं उचलायची,
गिरणीच्या धडधडीतही भिंतीला टेकून झोपायची,
पहिल्या तारखेला भडंग घेऊन घरी जायची.
दुसरी अंधारात
एका इवल्या नाकाखाली बोट धरून बसते,
श्वास लागतोय का बघत.
एकच का ह्या?
त्याची बोटं बटणांवर ताटकळली होती,
मागं तलाठ्याच्या कामाची माणसं उभी होती.
म्हटलं, टाका. एकच.

त्या संध्याकाळी सासूबाई लेकीला तीट लावत होत्या,
गालावर, तळपायावर.
डबी मिटायच्या आत मी करंगळी बुडवली
आणि रजिस्टरच्या झेरॉक्सवर
‘न’च्या डोक्यावर टेकवली.
त्या बघत राहिल्या. म्हणाल्या,
कागदाला कुणाची दृष्ट लागायची गं?

सव्वीस आठवडे सरले.
मी पुन्हा पोत्यांत, तोंडाला फडकं बांधून.
लेकीच्या जन्मदाखल्यावर अजून ‘स्त्री अपत्य’ आहे,
तिचं नाव लिहिताना मी त्या माणसाशेजारी
उभी राहणार आहे, ठिपक्यासकट.
रजा संपली, रजेचे पैसे अजून रजेवर.
पासबुकाचा कोपरा तिनं चावून मऊ केलाय,
दोन दात आलेत, खालचे.

काल दुपारी फोन आला.
‘महानदा कोरे का?’
म्हटलं, हो. दोघीही आहोत. बोला.
‘होल्ड करा जरा.’

लेकीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं.